सहाव्या भाकरीला थांबणारं यंत्र

आमचं दुकान आणि घर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आहे. पुढे फ्रीज दुरुस्तीचं दुकान, मागे स्वयंपाकघर आणि मधे दाराऐवजी पडदा. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या पडद्याआडून दुकान ऐकत आले. मालक बाहेर गेलेले असताना गिऱ्हाईक आलं, तर पडद्याच्या कडेला उभी राहून "येतील आता" एवढंच म्हणते आणि आत येते. चौथीनंतर शाळा सुटली. माणसांसमोर बोलायची सवय तेव्हा लागली नाही ती पुढेही लागली नाही. पण फ्रीजचा आवाज मला कळतो. कंप्रेसर दमलाय की गॅस संपलाय की नुसताच पंखा घासतोय, हे मी भांडी विसळता विसळता सांगू शकते. कुणी विचारत नाही, म्हणून सांगत नाही.

गेल्या वर्षी आमची लेक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं प्रोजेक्टसाठी जे काढलं ते ऐकून आधी मला वाटलं ती बापाची थट्टा करतेय. कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर म्हणून एक चौकोनी वडी असते, सगळा विचार ती करते. तिला नेहमीपेक्षा जोरात पळवलं की ती तापते, आणि फार तापली की कॉम्प्युटर आपणहून बंद होतो. पंख्याचा वारा पुरत नाही. मग फ्रीजमध्ये जसा गॅस फिरतो, एका जागी पातळ होतो, दुसऱ्या जागी त्याची वाफ होते आणि वाफ होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो, तसाच गॅस त्या वडीच्या डोक्यावरून फिरवायचा.

"म्हंजे कॉम्प्युटरला फ्रीज लावायचा," मालक म्हणाले.

"व्हय. आणि तो तुम्ही करून द्यायचा," लेक म्हणाली.

मालकांना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच नाही म्हणून टाकलं. दोन दिवसांनी स्वतःच जुना कंप्रेसर शोधून आणला.

तिच्या सरांना मात्र हा विषय पटला नव्हता. मुलींनी एवढं जड लोखंडी काम कशाला घ्यायचं, काहीतरी सॉफ्टवेअरचं करा, असं ते म्हणाले होते. गटातल्या दोघींनी ऐकलं आणि दुसरा विषय घेतला. आमची एकटी राहिली. मग सरांनी अट घातली. दिवाळीच्या सुट्टीआधी यंत्र त्यांच्यासमोर सलग एक तास चालवून दाखवायचं. नाही चाललं तर विषय सोडायचा आणि त्या दोघींच्या गटात जाऊन बसायचं. लेकीनं हे मला सांगितलं तेव्हा ती हसत होती, पण नखं खात होती.

कंप्रेसर आणि मागची जाळी जोतिबाच्या एका दुकानदाराच्या कोल्ड्रिंकच्या फ्रीजची होती. तो फ्रीज सडला होता, त्याचं पोट मात्र चांगलं होतं. वडीवर बसवायचं डोकं लेकीनं स्वतः कागदावर काढलं. तळहाताएवढा तांब्याचा ठोकळा, आत नागमोडी वाटा कोरलेल्या. उद्यमनगरातल्या लेथवाल्यानं तो कोरून दिला. त्यावर झाकण बसवून, गॅसच्या नळ्या जोडायला दोन तोट्या ठेवून मालकांनी तो डागून दिला, म्हणजे ज्योतीवर धातू वितळवून सांधला. डागताना ज्योतीनं ठोकळा काळाकुट्ट झाला. मालकांनी तो फळीवर ठेवला आणि म्हणाले, "आता नवमीनंतर जोडू."

खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पुजतात. दुकानातले सगळे पाने, पकडी, गॅसची मापं, डागायची नळी मी फळीवरून उतरवते, रॉकेलनं पुसते, धुते, परातीत वाळवते. मग घोंगड्यावर मांडून हळदीकुंकू, झेंडूची फुलं आणि नैवेद्य. हे काम माझं. त्या दिवशी दुकानाला मी हात लावायचा आणि कुणी काही बोलायचं नाही, अशी रीतच आहे.

ते काळं झालेलं डोकं मला बघवेना. माझ्या लेकीच्या कामाचं पहिलं हत्यार, ते असं काजळीचं कसं पुजायचं? तांबं मला माहीत आहे. देवातला तांब्या, पळी, ताम्हण मी दर सणाला घासते. मी चिंच भिजवली, मीठ घेतलं आणि ते डोकं चांगलं चोळून काढलं. नळाखाली धरलं. उलटं करून झटकलं, धडप्यानं पुसलं, तासभर उन्हात ठेवलं. नव्या लोट्यासारखं झळकायला लागलं.

"आयला, सोनं झालं की ह्याचं!" मालक म्हणाले. लेकीनं फोटो काढला. दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं, त्यालाही मालकांनी ते उचलून दाखवलं. "आमच्या घरातनं केलंय पॉलिश." मी पडद्याआड होते. सगळं ऐकलं आणि उगीच डबे पुसत बसले.

नवमीनंतर यंत्र जोडून झालं. दुकानाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर कॉम्प्युटर उघडा मांडला, त्याच्या वडीवर ते चकचकीत डोकं बसवलं, खाली कंप्रेसर आणि जाळी. थंड डोक्याला दव सुटतं आणि ते पाणी कॉम्प्युटरच्या पाटीवर पडलं तर सगळं जळेल, म्हणून काळ्या फोमचं अंगडं लागणार होतं. मालकांनी कापलेलं अंगडं दोन्हीकडून उघडं पडत होतं. मी वर्तमानपत्रावर माप काढलं आणि झबलं बेततात तसं बेतून दिलं. ते बसलं. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, पण पुढे प्रत्येक वेळी अंगडं काढायचं झालं की लेक हाक मारायची, "आई, तुझं झबलं काढ गं."

पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा मी सकाळच्या भाकऱ्या करत होते. पडद्यापलीकडून लेक आकडे सांगत होती. वीस. दहा. शून्य. उणे दहा. उणे अठराला ती ओरडलीच. मालक म्हणाले, "बघ, बर्फाची साय धरली नळीवर." कंप्रेसर एका लयीत गुणगुणत होता. मी पाच भाकऱ्या टोपल्यात टाकल्या, सहावी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं, आणि आवाज बदलला. गुणगुण हलकी झाली, पोकळ. रिकाम्या डब्यावर बोट वाजवावं तशी. थोड्या वेळानं लेक म्हणाली, "पप्पा, वर चाललंय. उणे पाच. शून्य. अहो, पंधरा!" मग कॉम्प्युटर बंद पडला.

अर्धा तास थांबून परत सुरू केलं तर परत छान. आणि परत तेवढ्याच वेळात तसाच पोकळ आवाज. संध्याकाळच्या भाकऱ्यांना मी मुद्दाम मोजलं. सहावी.

मालक आधी म्हणाले, जाळीत गुलाल आहे. जोतिबाच्या डोंगरावरच्या दुकानातला फ्रीज, वर्षानुवर्षं चैत्रातल्या यात्रेचा गुलाल खाल्लेला. त्यांनी जाळी अंगणात नेली आणि हवेचा फवारा मारला. असा गुलाबी ढग उठला की शेजारच्या काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "चैत्र लागला काय वो तुमच्यात?" माझ्या दोरीवरच्या दोन पांढऱ्या चादरी गेल्या. जाळी स्वच्छ झाली. यंत्र सहाव्या भाकरीला थांबलं.

मग मालकांनी खरी पारख केली. आवाज पोकळ झाल्याबरोबर त्यांनी काडी पेटवून बारीक नळीच्या टोकाशी धरली. बारीक नळी म्हणजे सुईच्या नेढ्याएवढी वाट, तिच्यातूनच गॅस डोक्यात शिरतो. काडीची ऊब लागताच आत सुस्स झालं आणि गॅस परत धावला.

"बर्फ," ते म्हणाले. "आत पाणी हाय. नळीच्या तोंडाशी गोठतंय आणि वाट बंद करतंय."

"पाणी कुठनं येणार पप्पा? आपण सगळी हवा ओढून घेतली होती की आतली."

"तेच म्हणतोय मी. येणार कुठनं?"

मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले. जळल्याचा वास आला तेव्हा भान आलं.

मला तेव्हाच बोलायचं होतं. पण त्याच वाक्यात मालक पुढे म्हणाले, नवं फिल्टर घालू, पंप लावून अर्धा तास आतलं सगळं ओढून घेऊ, काही राहायचं नाही. मला वाटलं, निघून जाईल की. कशाला सांगायचं? त्यांनी तसं केलं. नवं फिल्टर पाणी टिपून घेतं म्हणतात. त्यानं थोडं टिपलंही असणार, कारण यंत्र आठ भाकऱ्या चाललं. मग पोकळ आवाज.

आता दोघांचं बिनसलं. अर्धा तास पंप लावूनसुद्धा पाणी येतंय म्हणजे कुठूनतरी बाहेरची दमट हवा आत शिरतेय, हे दोघांनाही पटलं होतं. कुठून, यावर भांडण होतं. साबणाचा फेस करून सगळ्या जोडांना लावला, कुठेच बुडबुडा आला नाही.

"डागलेल्या जोडाला बारीक भोक असणार," लेक म्हणाली.

"माझ्या जोडाला? तुझ्या जन्माच्या आधीपासनं डागतोय मी. ठोकळा पातळ कोरलाय तुझ्या त्या चित्रापायी, त्यालाच तडा गेलाय."

"चित्र बरोबर हाय."

"मग जोड बी बरोबर हाय. झालं? जा, सांग तुझ्या सराला, कॉम्प्युटरला दमा झालाय म्हणून."

ती उठून आत आली. त्यानंतर तीन दिवस दोघं एकमेकांशी बोलले ते माझ्यामार्फत. "आई, पप्पांना सांग दहा नंबरचा पाना पाहिजे." "तिला म्हणावं डोळ्यासमोर हाय." पाना दोघांच्या मधे पडलेला असायचा. मी तो उचलून द्यायची.

या तीन दिवसांत मी सतरा वेळा पडद्यापर्यंत गेले असेन. प्रत्येक वेळी मनात वाक्य जुळवून जायचे आणि तिथे जाऊन "चहा ठेवू काय?" विचारून परत यायचे. रागावतील ही भीती होती, पण मोठी भीती वेगळीच होती. या घरात यंत्रांशी माझा संबंध पडद्याइतकाच. एकदा हौसेनं हात लावला आणि लोक म्हणाले, सोनं केलं. आता सांगायचं, की तेच सोनं पाणी पाजत होतं. परत मला कुणी तिथे हात लावू देईल का, असं वाटायचं.

चौथ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. लेक माझ्याजवळ येऊन बसली, माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "आई, मी दमलो गं. उद्या सरांना सांगून टाकतो. जातो त्या दोघींच्यात." आणि रडलीही नाही. ती लहानपणापासून रडून मोकळी होणारी पोरगी. ती रडली नाही म्हटल्यावर मला बसवेना.

तोंडानं वाक्य येणार नव्हतं, हे मला माहीत होतं. मी बरणीतून चिंचेचा गोळा काढला, वाटीत ठेवला, शेजारी मीठ ठेवलं आणि वाटी नेऊन यंत्राच्या टेबलावर, मालकांच्या हाताशी ठेवली. लेक माझ्यामागे येऊन पडद्यात उभी राहिली.

मालकांनी वाटीकडे बघितलं. "हे काय? आमटी राहिलीय काय करायची?"

"ह्यानं घासलं होतं ते डोकं," मी म्हणाले. "नवमीला. नळाखाली धरून."



"धुतलं? पाण्यानं?"

"दोन बादल्या लागल्या काजळी जायला."

"अगं, तोट्या उघड्या होत्या त्याच्या!"

"मला वाटलं वाळलं. उन्हात ठेवलं होतं."

"त्या नागमोडी वाटांतनं वाळतंय व्हय? येडी हैस काय!" ते ओरडले आणि मधेच थांबले.  मग लेकीकडे बघून, तीन दिवसांत पहिल्यांदा सरळ तिच्याशी बोलले, "म्हंजे माझा जोड फुटलेला न्हाई."

"आणि माझा ठोकळा बी पातळ न्हाई," ती म्हणाली.

"न्हाईच म्हणलो होतो मी."

"कवा म्हणला तुम्ही?"

मी मान खाली घालून उभी होते आणि ती दोघं हसत होती. मला ओरडा खायचा होता, तो कुणाच्या लक्षातच राहिला नाही. मालक नुसते म्हणाले, "बूच मारून ठेवायचं ते मी ठेवलं न्हाई. उघड्या नळीला बूच मारावं, हे हाताखालच्या पोरांना शिकवत आलो आणि घरात विसरलो." एवढं बोलून ते डागायची नळी शोधायला लागले. ती त्यांच्या पायाजवळच होती.

गॅस काढून घेतला, डोकं सुटं केलं. वर्तमानपत्र अंथरून मालकांनी एका तोटीतून नायट्रोजनचा झोत मारला. दुसऱ्या तोटीतून कागदावर थेंब उडाले. तेलात मिसळलेले, दुधट. पंपानं एवढं ओढूनही आतल्या वळणांत तळाशी ते बसून राहिले होते. लेकीनं बोटानं एक थेंब पुसला आणि वास घेतला.

"अजून आत असणार," मालक म्हणाले. "ह्याला तापवाय पाहिजे. पण ज्योतीनं नको, परत डाग सुटंल."

"तव्यावर ठेवू?" मी विचारलं.

मग ते डोकं माझ्या तव्यावर आलं. बारीक आचेवर, रवा भाजतात तसं, मी ते चिमट्यानं उलटंपालटं करत राहिले. आधी काहीच झालं नाही. मग एका तोटीतून बारीक वाफ आली, आणि स्वयंपाकघरात जळक्या चिंचेचा वास भरला. लेक नाक धरून हसत म्हणाली, "रस्सा लागला गं तळाला!" वाफ थांबली तरी मी उतरवलं नाही. पापड वाळला की नाही ते मोडून बघता येतं, याचं बघता येत नव्हतं. मालकच म्हणाले, "बास आता, भाजलं." त्यांनी ते गरम असतानाच परत डागलं, नवं फिल्टर घातलं, आणि पंप लावला तो दिवे लागेपर्यंत चालू ठेवला. मधे मधे मी फडक्यात गरम इस्त्री धरून त्या डोक्यावर टेकवत होते, म्हणजे काही राहिलं असलं तर वाफ होऊन निघावं. ते कुणी सांगितलं नव्हतं. मी टेकवली आणि कुणी नको म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी गॅस भरला. मी पीठ मळून बसले होते. "लावू काय?" त्यांनी पडद्यातून विचारलं. मला विचारलं. मी पहिली भाकरी थापली.

उणे अठरा. चौथी. पाचवी. सहावी तव्यावर टाकली आणि मी हात थांबवला. गुणगुण तशीच. सातवी. आठवी थापताना माझ्या हातातून ती फाटली, परत गोळा केला. दहावीनंतर पीठ संपलं. लेक आकडा सांगायची थांबली होती, कारण तो बदलतच नव्हता. मी काठवट तशीच ठेवून भिंतीला टेकून बसले. पिठाचे हात मांडीवर. पलीकडे कंप्रेसर चालू होता, आणि कितीतरी दिवसांनी मला त्या आवाजाकडे कान द्यावा लागत नव्हता.

कॉलेजात यंत्र न्यायचं तर ते आडवं करून चालत नाही, कंप्रेसरमधलं तेल भलतीकडे जातं. मालकांना त्याच दिवशी वारणानगरला एका कामावर जायचंच होतं. म्हणून टेम्पोत यंत्र उभं धरून मी गेले. लेक आत खोलीत गेली, मी बाहेर बाकावर बसले. शिपाई म्हणाला, "मावशी, कुणाला भेटायचंय?"

"कुणाला न्हाई. आवाज ऐकतोय," मी म्हणाले. तो माझ्याकडे बघत गेला.

तास झाला. आवाज चालूच राहिला. मग दार उघडून सर बाहेर आले, मागे लेक. तिचा चेहरा बघितला आणि मला पुढचं काही ऐकायची गरज राहिली नाही. पण सरांनी मला नमस्कार केला आणि म्हणाले, "हिला विचारलं, सगळ्यात अवघड बिघाड कुठला सापडला. तर म्हणते, बाहेर आई बसलीय, तिला विचारा."

मी उठून उभी राहिले. पळायला जागा नव्हती. "पाणी राहिलं होतं आत," मी म्हणाले. "माझ्या हातनंच."

"आणि काढलं कसं?"

"तव्यावर भाजून."

सर हसले, पण वाईट हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहून घेतलं. लेक त्यांच्या पाठीमागे ओढणी तोंडावर धरून उभी होती.

ती आता पुण्यात नोकरीला आहे. ते यंत्र दुकानाच्या फळीवर उभं आहे, डोकं परत थोडं काळवंडलंय. मी त्याला हात लावत नाही. दुकानात तांब्याची सुटी नळी किंवा उघडा भाग आला की मालक गिऱ्हाइकासमोर पडद्याकडे तोंड करून ओरडतात, "अगं, हे धुवायचं न्हाई हं!" गिऱ्हाईक विचारतं काय भानगड, आणि मग त्याला सगळी गोष्ट ऐकावी लागते.

परवा असंच झालं. दोन पावणे शाहूवाडीहून दुधाचा कूलर घेऊन आले होते. मालक ओरडले. मी आतून, भाकरी थापता थापता म्हणाले, "बूच मारलंय काय आधी ते बघा!"

 पलीकडे पावणे हसले, आणि मला फळीवरच्या बुचांच्या डब्याचा खडखडाट ऐकू आला.